ऋण वस्तुमान खरोखर असू शकते का, आणि त्याच्याशिवाय वॉर्प प्रवास शक्य आहे का?

बोरीकाठ (अमळनेर)

नमस्कार. मी पदवीच्या तिसऱ्या वर्षाला भौतिकशास्त्र शिकतो. येत्या २८ फेब्रुवारीला राष्ट्रीय विज्ञान दिनानिमित्त आमच्या महाविद्यालयात मला वॉर्प प्रवास, म्हणजे अवकाशच वाकवून प्रकाशाच्या आधी पोहोचण्याची कल्पना, या विषयावर अर्धा तास बोलायचे आहे. श्रोत्यांमध्ये पारोळा, चोपडा, एरंडोल या तालुक्यांतील अकरावी-बारावीची मुलेही असतील, त्यामुळे मी जे सांगेन ते सोपे असावे, पण सोपे करताना चुकीचे होऊ नये, अशी माझी इच्छा आहे.

मला आतापर्यंत समजले ते असे. कोणतीही वस्तू आपल्या लगतच्या अवकाशातून प्रकाशापेक्षा, म्हणजे सेकंदाला २,९९,७९२ किलोमीटरपेक्षा, अधिक वेगाने जाऊ शकत नाही. मात्र खुद्द अवकाशाच्या प्रसरण-आकुंचनाला ही मर्यादा लागू होत नाही. मेक्सिकोचे भौतिकशास्त्रज्ञ मिगेल अल्कुबिएरे यांनी १९९४ मध्ये याचा उपयोग करून सामान्य सापेक्षतेच्या, म्हणजे आइन्स्टाइनच्या गुरुत्वसिद्धांताच्या, चौकटीत बसणारी एक रचना मांडली. यानाभोवती अवकाशकालाचा (अवकाश आणि काळ यांच्या एकत्रित रचनेचा) एक बुडबुडा असतो, त्याच्या पुढचे अवकाश आकसते, मागचे प्रसरण पावते, आणि यान आपल्या जागी भारहीन अवस्थेत राहूनही ४.२४ प्रकाशवर्षे दूर असलेल्या प्रॉक्सिमा सेंटॉरीपर्यंत प्रकाशाच्या आधी पोहोचते. यानातील घड्याळ आणि पृथ्वीवरील घड्याळ यांत फरकही पडत नाही.

या गणिताविषयी कोणी शंका घेतलेली मला आढळली नाही. परंतु मी वाचलेल्या जवळजवळ प्रत्येक लेखाच्या शेवटी ‘यासाठी ऋण वस्तुमान लागेल’ असे एक वाक्य येते आणि लेख तिथेच संपतो. हे ऋण वस्तुमान म्हणजे नेमके काय? प्रतिद्रव्य, म्हणजे नेहमीच्या कणांच्या विरुद्ध भाराच्या जुळ्या कणांचे द्रव्य, म्हणजेच ते का? २०१७ मध्ये प्रयोगशाळेत ऋण वस्तुमानाचा द्रव तयार झाल्याच्या बातम्या होत्या, त्यांचा अर्थ काय घ्यावा? आणि मला सर्वांत अधिक सतावणारा प्रश्न असा की, समीकरणे एखादी गोष्ट नाकारत नसतील, तर ती ‘सैद्धांतिकदृष्ट्या शक्य’ आहे असे मुलांना सांगणे योग्य ठरेल का?

निवृत्त शिक्षक (धुळे)

तुमचा शेवटचा प्रश्न सर्वांत मोलाचा आहे, म्हणून त्यापासूनच सुरुवात करतो. आइन्स्टाइनच्या क्षेत्रसमीकरणांच्या एका बाजूला अवकाशकालाची भूमिती असते आणि दुसऱ्या बाजूला ती भूमिती घडवणारे द्रव्य, ऊर्जा, संवेग व दाब असतात. सहसा आपण द्रव्यापासून निघतो. म्हणजे सूर्याचे वस्तुमान धरतो आणि त्याच्या भोवतीची वक्रता काढतो. अल्कुबिएरे यांनी हा क्रम उलटा केला. त्यांनी हवी ती भूमिती आधी लिहिली आणि मग ती समीकरणात घालून, अशी भूमिती असायची तर तेथे कोणत्या गुणधर्मांचे द्रव्य असावे लागेल, हे वाचून काढले. या दिशेने गेल्यास जवळजवळ कोणत्याही भूमितीसाठी उत्तर मिळते, कारण समीकरण उजव्या बाजूला काय असावे एवढेच सांगते आणि तसले द्रव्य निसर्गात आहे की नाही याविषयी मौन पाळते. म्हणून ‘समीकरणाला उत्तर आहे’ आणि ‘निसर्गात ते शक्य आहे’ ही दोन विधाने तुम्ही मुलांसमोर स्पष्टपणे वेगळी ठेवावीत, असे मला आग्रहाने सांगावेसे वाटते. शक्यतेचा सारा प्रश्न त्या द्रव्यावर येऊन ठेपतो.

आता ऋण वस्तुमान. वस्तुमान हा शब्द आपण तीन कामांसाठी वापरतो: वेगबदलाला विरोध करणारे जडत्व, दुसऱ्याच्या गुरुत्वाला मिळणारा प्रतिसाद, आणि स्वतः गुरुत्व निर्माण करण्याची क्षमता. हर्मन बाँडी यांनी १९५७ मध्ये ही तिन्ही वस्तुमाने ऋण मानून सामान्य सापेक्षतेत काय घडते याचा शोध घेतला, आणि त्यातून निघालेले चित्र मी वर्गात शिकवत असताना सर्वांत हुशार मुलांनाही प्रथम पटत नसे. ऋण वस्तुमानाचा दगड हातातून सोडला तर तो वर जाणार नाही, खालीच पडेल. पृथ्वीने त्यावर लावलेले बल वरच्या दिशेने असेल, परंतु त्याचे जडत्वही ऋण असल्याने त्याला मिळणारे त्वरण बलाच्या उलट, म्हणजे खालच्या दिशेनेच राहील. सर्व वस्तू सारख्याच त्वरणाने पडतात हे तत्त्व त्यामुळे अबाधित राहते. ऋण वस्तुमान सर्वांना दूर लोटते आणि धन वस्तुमान सर्वांना ओढते, एवढे एक वाक्य लक्षात ठेवले की पुढचे सारे त्यातून काढता येते.

त्यातून निघणारी सर्वांत विलक्षण गोष्ट अशी. सारख्याच परिमाणाचे एक धन आणि एक ऋण वस्तुमान शेजारी ठेवले, तर ऋण वस्तुमान धनाला दूर लोटील, धन वस्तुमान ऋणाला आपल्याकडे ओढील, आणि परिणामी धन वस्तुमान पुढे पळत राहील व ऋण वस्तुमान त्याच्या पाठोपाठ तितक्याच त्वरणाने जात राहील. कोणतेही इंधन न जाळता ही जोडी वेग वाढवीत प्रकाशाच्या वेगाच्या जवळ जवळ जात राहील. तरीही एकूण संवेग शून्यच राहतो, कारण एकाचा संवेग धन आणि दुसऱ्याचा तेवढाच ऋण असतो. गतिज ऊर्जेचेही तसेच. अक्षय्यतेचा एकही नियम मोडत नाही, म्हणूनच या युक्तिवादाने ऋण वस्तुमान अशक्य ठरते असे म्हणता येत नाही.

खरी अडचण निर्वाताची आहे. ऋण ऊर्जेचे कण मुक्तपणे अस्तित्वात असू शकत असतील, तर एक धन आणि एक ऋण कण अशी जोडी शून्यातून निर्माण व्हायला काहीच ऊर्जा लागणार नाही, आणि मग अशा जोड्या अमर्याद संख्येने निर्माण होत राहतील. आपल्या सभोवतालचे निर्वात स्थिर आहे, हीच अशा कणांविरुद्धची सर्वांत मोठी साक्ष आहे असे मी मानतो. गणिताच्या बाजूने पाहिले तर शोएन आणि याउ यांनी १९७९ मध्ये, व वेगळ्या मार्गाने विटन यांनी १९८१ मध्ये, असे सिद्ध केले की द्रव्याने जागोजागी ऊर्जाविषयक वाजवी अट (ढोबळमानाने, ऊर्जाघनता ऋण नसणे) पाळली, तर दुरून मोजलेले एकूण वस्तुमान ऋण येऊच शकत नाही. मात्र ती अट स्वतः गृहीत धरलेली आहे, हेही सांगितले पाहिजे.

प्रतिद्रव्याचा प्रश्न आता प्रयोगाने निकालात निघाला आहे. सर्न या युरोपीय प्रयोगशाळेतील आल्फा-जी प्रयोगात २०२३ मध्ये प्रतिहायड्रोजनचे (हायड्रोजनच्या प्रतिद्रव्याचे) अणू सोडले असता ते खालीच जातात असे दिसले. तेवढ्यावरून वस्तुमानाचे चिन्ह ठरत नाही, कारण वर सांगितल्याप्रमाणे ऋण वस्तुमानही खालीच पडले असते. परंतु इलेक्ट्रॉन आणि त्याचा प्रतिकण पॉझिट्रॉन एकत्र येऊन नष्ट होतात तेव्हा दोघांचीही ऊर्जा गॅमा किरणांच्या रूपाने बाहेर पडते, आणि पॉझिट्रॉनचे वस्तुमान ऋण असते तर हाती काहीच उरले नसते. २०१७ च्या बातम्या अतिशीत रुबिडियमच्या अणूंविषयी होत्या. तेथे लेसरच्या साहाय्याने अणूंचे ‘परिणामी वस्तुमान’ ऋण केले होते, म्हणजे ढकलल्यावर ते विरुद्ध दिशेला त्वरण घेत. अणूंचे खरे वस्तुमान आणि त्यांचे गुरुत्व जसेच्या तसे धनच होते. वॉर्पशी त्याचा संबंध नाही.

एक गोष्ट मराठी मुलांना आवर्जून सांगावी असे वाटते. ऋण ऊर्जा ही कल्पना केवळ परदेशातील कथाकारांची नाही. कोल्हापुरात जन्मलेल्या जयंत नारळीकरांनी फ्रेड हॉइल यांच्यासह १९६० च्या दशकात मांडलेल्या विश्वरचनेत द्रव्यनिर्मितीसाठी जे क्षेत्र वापरले होते, त्याची ऊर्जाघनता ऋणच होती, आणि त्यामुळेच नवे द्रव्य निर्माण होऊनही ऊर्जेचा हिशेब जुळत असे. ते प्रतिमान पुढे बहुसंख्य शास्त्रज्ञांनी स्वीकारले नाही, तरी प्रश्न मात्र पूर्ण गांभीर्याने हाताळला गेला होता.

सातपुड्याची लेक (शहादा, सध्या पुणे)

सरांनी पाया उत्तम घातला आहे. मी गुरुत्वाकर्षणावर संशोधन करते, म्हणून पुढचा दुवा जोडते. अल्कुबिएरे यांच्या भूमितीला ऋण वस्तुमानाचा वेगळा गोळा लागत नाही. तिला लागते ती बुडबुड्याच्या भिंतीत पसरलेली ऋण ऊर्जाघनता. त्यांचे सूत्र उलगडले की दिसते, ही ऊर्जा यानाच्या पुढे किंवा मागे नसते. प्रवासाच्या दिशेला काटकोनात, यानाभोवती कड्यासारखी असते. तिचे परिमाण वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, आणि वेग प्रकाशाहून कमी ठेवला तरी तिचे चिन्ह ऋणच राहते. हा दोष केवळ त्यांच्या रचनेचा आहे का, असे विचारले गेले आणि केन ओलम यांनी १९९८ मध्ये दाखवले की, प्रकाशाला मागे टाकणारा कोणताही असा मार्ग त्याच्या शेजारच्या मार्गांच्या तुलनेत जलद असायचा तर ऋण ऊर्जा टाळताच येत नाही. त्याचे कारण समजून घेण्यासारखे आहे. कोलकात्याच्या अमल कुमार रायचौधुरी यांनी १९५५ मध्ये प्रसिद्ध केलेले समीकरण सांगते की धन ऊर्जा शेजारी-शेजारी जाणाऱ्या किरणांना एकमेकांकडे वळवते. वॉर्पला मात्र किरण एकमेकांपासून फाकवावे लागतात, आणि ते धन ऊर्जेकडून होत नाही.

मग ऋण ऊर्जा निसर्गात कोठेच नाही का? आहे, आणि येथेच विषय खऱ्या अर्थाने रंगतो. एपस्टाइन, ग्लेझर आणि जॅफे यांनी १९६५ मध्ये सिद्ध केले की पुंज (क्वांटम) क्षेत्रसिद्धांतात काही अवस्थांमध्ये काही ठिकाणी ऊर्जाघनता ऋण येणे अटळ आहे. हेंड्रिक कॅसिमिर यांनी १९४८ मध्ये वर्तवलेला परिणाम याचे सर्वांत परिचित उदाहरण आहे: विद्युतभार नसलेल्या दोन धातूच्या पाट्या निर्वातात अगदी जवळ आणल्या की त्यांच्यामधील क्षेत्राची ऊर्जा मोकळ्या निर्वातापेक्षा कमी होते आणि पाट्या एकमेकींकडे ओढल्या जातात. १९९७ मध्ये लॅमोरो यांनी हे बल काटेकोरपणे मोजले. हिंगोली जिल्ह्यात गुरुत्वीय लहरी टिपणारी जी लायगो वेधशाळा उभी राहणार आहे, तिच्या अमेरिकेतील जुळ्या वेधशाळांमध्ये गोंगाट कमी करण्यासाठी स्क्वीझ्ड प्रकाश (ज्याच्या एका गुणधर्मातील पुंज अनिश्चितता दाबून कमी केलेली असते) वापरतात, आणि अशा प्रकाशाच्या अवस्थांतही क्षणभर काही ठिकाणी ऊर्जाघनता ऋण होते.

परंतु परिमाण पाहा. दोन पाट्यांमध्ये १ मायक्रोमीटर अंतर असेल तर प्रत्येक घनमीटरमागे ऋण ऊर्जा मिळते सुमारे ०.०००४३ ज्यूल, म्हणजे वस्तुमानात सांगायचे तर साधारण २९ लाख हायड्रोजन अणूंइतकी. असा एक घनमीटर भरायला पाट्यांचे क्षेत्रफळ १ चौरस किलोमीटर लागेल. रावेर-यावल पट्ट्यातील १०० हेक्टर केळीच्या बागांवर धातूचा पत्रा अंथरावा आणि त्यावर केसाच्या शतांशाएवढी फट ठेवून दुसरा पत्रा धरावा, एवढा तो पसारा होईल. शिवाय खुद्द पाट्यांचे धन वस्तुमान त्या ऋण ऊर्जेपेक्षा इतके प्रचंड असते की सगळ्या संचाची बेरीज कधीच ऋण होत नाही.

याहून कठोर बंधन फोर्ड आणि रोमन यांनी शोधलेल्या पुंज असमानतांचे आहे. मोकळ्या क्षेत्रात ऋण ऊर्जा जितका अधिक काळ टिकवावी तितके तिचे कमाल परिमाण घटते, आणि ते फार झपाट्याने घटते: कालावधी दुप्पट केला तर परवानगी सोळाव्या हिश्श्याइतकीच उरते. शिवाय तेवढ्या ऋण ऊर्जेच्या मागे-पुढे तिची भरपाई करणारी, किंबहुना तिच्याहून जास्त, धन ऊर्जा यावीच लागते. मायकेल फेनिंग आणि फोर्ड यांनी १९९७ मध्ये हीच असमानता अल्कुबिएरे यांच्या बुडबुड्याला लावली. भिंतीची जाडी प्लांक लांबीच्या (अणुकेंद्राहूनही कल्पनातीत लहान अशा लांबीच्या) काही शेकडा पटींपेक्षा फारशी अधिक असू शकत नाही असे त्यांना आढळले, आणि १०० मीटर त्रिज्येच्या बुडबुड्यासाठी लागणारी ऋण ऊर्जा दृश्य विश्वातील सगळ्या वस्तुमानाच्या अब्जावधी पट निघाली. माझ्या मते तुमच्या व्याख्यानाचा कणा हा निष्कर्ष असावा, कारण ‘ऋण ऊर्जा नाहीच’ हे म्हणणे खोटे आहे आणि ‘ऋण ऊर्जा सापडली आहे, आता फक्त अभियांत्रिकी उरली’ हे म्हणणेही तितकेच खोटे आहे.

औष्णिक अभियंता (भुसावळ)

ताई, तुमचे विवेचन फार आवडले. एक शंका आहे. नासामध्ये काम करणारे हॅरोल्ड व्हाइट यांनी २०१२ च्या सुमारास बुडबुड्याच्या भिंतीचा आकार बदलून ही गरज व्हॉयेजर यानाएवढ्या, म्हणजे सुमारे ७०० किलो वस्तुमानाच्या ऊर्जेपर्यंत खाली आणल्याचे वाचले होते. दीपनगर औष्णिक वीजकेंद्रातील ५०० मेगावॅटचा एक संच पूर्ण क्षमतेने अखंड चालवला तर तेवढी ऊर्जा निर्माण व्हायला सुमारे ४,००० वर्षे लागतील, असा माझा हिशेब आहे. हा आकडा मोठा असला तरी विश्वाच्या वस्तुमानाशी तुलना करता तो माणसाच्या आवाक्यातला वाटतो. मग निराश का व्हावे?

सातपुड्याची लेक (शहादा, सध्या पुणे)

दादा, तुमचा हिशेब बरोबर आहे, परंतु तो ऊर्जेच्या परिमाणाचा आहे, चिन्हाचा नाही. दीपनगरचा संच धन ऊर्जा देतो. असे कितीही संच जोडले तरी त्यांतून ऋण ऊर्जेचा एक ज्यूलही उभा राहत नाही. भिंत जाड केली की एकूण गरज कमी होते हे खरे आहे, मात्र तेवढ्या जाडीवर पुंज असमानता मोडते, आणि ती मोडल्याशिवाय ७०० किलोचा आकडा येत नाही. त्याआधी १९९९ मध्ये ख्रिस व्हान डेन ब्रुक यांनी वेगळी युक्ती केली होती: बाहेरून अणुकेंद्राच्या मापाचा आणि आतून यान मावेल एवढा प्रशस्त बुडबुडा. त्यामुळे गरज काही सूर्यांइतक्या वस्तुमानापर्यंत उतरली. ती सुधारणा मोठी असली तरी ऋण चिन्ह तेथेही कायम आहे.

बोरीकाठ (अमळनेर)

सर आणि ताई, तुम्हा दोघांचे मनापासून आभार. आता एवढेच विचारतो. २०२१ पासून ‘धन ऊर्जेवर चालणारे वॉर्प’ असे मथळे दिसतात. ते ओलम यांच्या निष्कर्षाशी कसे जुळतात? आणि फळ्यावर मी नेमकी कोणती आकृती काढावी?

सातपुड्याची लेक (शहादा, सध्या पुणे)

त्या मथळ्यांमागे दोन वेगळी कामे आहेत. बॉब्रिक आणि मार्टायर यांनी वॉर्प रचनांचे वर्गीकरण करून दाखवले की वेग प्रकाशापेक्षा कमी असेल तर धन ऊर्जेचे कवच पुरू शकते; ओलम यांचा निष्कर्ष प्रकाशापेक्षा वेगवान मार्गांविषयी असल्याने येथे विरोध येत नाही. २०२४ मध्ये अशा मंद वॉर्पचे एक संपूर्ण उदाहरण प्रसिद्ध झाले, ज्यात २० मीटर त्रिज्येच्या कवचात गुरू ग्रहाच्या दुपटीहून अधिक वस्तुमान कोंबलेले आहे आणि ते एकसमान वेगाने जाते. ते कवच त्या वेगापर्यंत न्यायचे कसे, हा प्रश्न तेथे सुटलेला नाही. दुसरे काम एरिक लेंट्झ यांचे. त्यांनी प्रकाशापेक्षा वेगवान रचनाही धन ऊर्जेवर चालेल असा दावा केला होता. सांतियागो, शुस्टर आणि व्हिसर यांनी त्याची तपासणी करून दाखवले की लेंट्झ यांनी फक्त एका प्रकारच्या निरीक्षकाला दिसणारी ऊर्जा विचारात घेतली होती. सर्व निरीक्षकांचा विचार केला की अशा वेगवान रचनांत कोणाला ना कोणाला ऋण ऊर्जा दिसतेच.

आणखी एक अडथळा सांगते, जो ऋण ऊर्जा हाती आली तरी उरतो. प्रकाशापेक्षा वेगाने जाणाऱ्या बुडबुड्याच्या मध्यापासून निघालेला कोणताही संदेश पुढच्या भिंतीपर्यंत पोहोचत नाही, हे सर्गेई क्रास्निकोव्ह यांनी दाखवले. यानातील माणूस बुडबुडा सुरू करू शकत नाही, थांबवू शकत नाही आणि वळवूही शकत नाही. म्हणजे मार्गावर आधी कोणीतरी जाऊन सारी व्यवस्था करून ठेवावी लागेल, आणि ते जाणे प्रकाशापेक्षा मंद गतीनेच होईल.

निवृत्त शिक्षक (धुळे)

आकृतीविषयी माझे मत सांगतो. पुढे आकसलेली आणि मागे फुगलेली जाळी सर्वत्र छापली जाते, परंतु जोसे नाटारियो यांनी २००२ मध्ये आकुंचन-प्रसरण अजिबात नसलेले वॉर्पही लिहून दाखवले आहे, त्यामुळे त्या जाळीला वॉर्पचे सार समजणे बरोबर नाही. तुम्ही प्रकाशशंकू काढा, म्हणजे एका बिंदूपासून निघालेला प्रकाश काळाबरोबर कोठवर पोहोचेल हे दाखवणारे शंकू. बुडबुड्याच्या बाहेर ते सरळ उभे काढा, भिंतीतून आत जाताना क्रमाने प्रवासाच्या दिशेला कलते करा, आणि यानाचा मार्ग आतल्या शंकूच्या बरोबर मधून जाताना दाखवा. आपल्या लगतच्या प्रकाशाला यान कधीच मागे टाकत नाही, हे बारावीच्या मुलालाही त्यातून दिसेल. शेजारी यान समोरून पाहिल्यासारखे एक वर्तुळ काढा, त्याभोवती ताईंनी सांगितलेले कडे वेगळ्या रंगाच्या खडूने रंगवा आणि त्यात ऋण चिन्ह लिहा. अर्ध्या तासातील निम्मा वेळ त्या कड्यावर खर्च केला तरी चालेल.